शब्द-शंका: लिंक पाठवला की पाठवली?

प्रश्न: ‘लिंक’चा मराठी प्रतिशब्द ‘दुवा’ पुल्लिंगी आहे, मग ‘लिंक पाठवली’ का म्हणतात? आणि टेबलावर, पण मोबाइलवर, असं का?

उत्तर: ‘लिंक पाठवली’च रूढ आहे. उसन्या शब्दाचं लिंग बऱ्याचदा मराठी प्रतिशब्दावरून ठरतं, जसं ‘संदेश’ पुल्लिंगी म्हणून ‘मेसेज आला’. पण लिंक रुळली तेव्हा ‘दुवा’ फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. शंका आली तर ‘तो, ती, ते’ लावून बोलून पाहा: तो मेसेज, ती लिंक, ते अ‍ॅप.

‘डिलीट’ला स्वतःचं लिंग नाही. भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं: फोटो डिलीट केला, फाइल डिलीट केली, अ‍ॅप डिलीट केलं.

‘टेबल’ हा शब्द जुना, पुरता मुरलेला. म्हणून प्रत्ययाआधी त्याचं रूप बदलून ‘टेबला-’ होतं; यालाच सामान्यरूप म्हणतात. मोबाइल नवा, त्याला प्रत्यय थेट चिकटतो. ‘मोबाइलावर’ चुकीचं नाही, पण कानाला खटकतं. फाइल मधल्या पायरीवर आहे: ‘फाइलीत’ आणि ‘फाइलमध्ये’ दोन्ही चालतात, फक्त एका लेखात एकच ठेवा.

गंमत क्रियापदांची. रिसीव्हर गेला, तरी आपण फोन ‘उचलतो’ आणि ‘ठेवतो’.