पबमधला राउंड आणि पेल्यातलं माप

प्रश्न : सप्टेंबरमध्ये एमएससीसाठी ब्रिटनमध्ये, लीड्सला चाललोय. मी पीत नाही. तिथे ओळखीपाळखी पबमध्येच होतात, असं सीनियर सांगतात. एकटा पडेन का? (विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : पबमध्ये जरूर जा, पिऊ नका. तिथे न पिणं फारसं खटकत नाही, राउंड बुडवणं खटकतं. राउंड म्हणजे प्रत्येकाने पाळीपाळीने सगळ्यांसाठी मागवायचं. पाच जण असले की पाच राउंड, आणि वेग ठरतो सगळ्यात भराभर पिणाऱ्याचा. पिणारेही इथेच फसतात. म्हणून टेबलावर बसतानाच सांगा, ‘मी माझं माझं घेतो.’ दोन राउंड दुसऱ्याच्या पैशाने झाल्यावर हेच बोललात तर चिकटपणा दिसतो. लाइम-सोडा मागवा, स्वस्त पडतो. कारण विचारलंच तर ‘घेत नाही, थँक्स’ पुरे. घरचे संस्कार, उपवास, अॅसिडिटी असं सांगत बसलात की वाद घालायला जागा मिळते. आणि जेवून जा. चखण्याच्या बशा येत नाहीत, फार तर वेफर्सचं पाकीट. बऱ्याच पबांचं स्वयंपाकघर नऊच्या सुमारास बंद होतं.

प्रश्न : मी इथे दोन पेग आरामात घेतो. तिथे किती चालेल? (विद्यार्थी, पुणे)

उत्तर : पेग विसरा, युनिट मोजा. एक युनिट म्हणजे 10 मिली शुद्ध अल्कोहोल. हिशेब सोपा : मिली गुणिले टक्के, भागिले 1000. आपला 60 मिलीचा लार्ज, 42.8 टक्क्यांची व्हिस्की : साधारण 2.6 युनिट. पबमधलं ‘सिंगल’ बहुधा 25 मिली, 40 टक्क्यांचं : 1 युनिट. 4 टक्के बिअरचा पाइंट (568 मिली) : 2.3. आणि आपल्याकडची 650 मिलीची 8 टक्के स्ट्राँग बिअर? 5.2! तिथली सरकारी शिफारस आठवड्याला जास्तीत जास्त 14 युनिटची, तीही किमान तीन दिवसांत विभागून. यकृत तासाला साधारण एकच युनिट निकालात काढतं. कॉफीने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने ते घाई करत नाही.

खरा घोटाळा पबमध्ये होत नाही, होस्टेलच्या किचनमध्ये होतो. क्लबला निघण्याआधी स्वस्तात पिऊन घेतात, त्याला ‘प्रीज’ म्हणतात. चहाच्या मगात हाताने ओतलेली व्होडका सहज 60-70 मिली भरते आणि ओतणारा ती ‘एक’ मोजतो. खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण जवळ ठेवा. हसतील, हसू द्या.

प्रश्न : मित्र पिऊन निपचित पडला तर? (पालक, सांगली)

उत्तर : हलवून उठत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, ओठ निळसर, अंग गार असेल, तर 999 (तिथला आपत्कालीन नंबर) लावायचा. कुशीवर वळवायचं, म्हणजे उलटी झालीच तर घशात अडकणार नाही. लिंबूपाणी पाजायचं नाही, चालवायचं नाही. ‘झोपला की उतरेल’ म्हणून दार ओढून तर मुळीच जायचं नाही : पोटातली दारू पिणं थांबल्यावरही रक्तात चढत राहते.