आधी बाबांचं ऐक

चि. बाळा, अनेक आशीर्वाद.

बाबांनी ताईला बजावलं की तिच्या बाळाला गोवर-रुबेलाची लस द्यायची नाही, त्यात काहीतरी मिसळतात. तू चिडून फॅमिली ग्रुपवर पाच लिंका टाकल्यास. आता बाबा तुझ्याबरोबर जेवायलाही बसत नाहीत.

लिंका टाकणं आधी बंद कर. ही चूक मी केली आहे. 2021 मध्ये माझा दादा म्हणायचा, कोविडच्या लसीत चिप असते. मी सगळ्यांदेखत त्याचं म्हणणं खोडून काढलं. तो ग्रुप सोडून गेला आणि नौपाड्यात दोन गल्ल्या पलीकडे राहून आम्ही सहा महिने बोललो नाही. तेवढ्या काळात त्याच्याशी बोलणारे उरले ते तसले व्हिडिओ पाठवणारेच.

मग एका संध्याकाळी त्याला तलावपाळीला घेऊन गेले. लसीचं नावही काढलं नाही, वहिनीबद्दल विचारलं. ती दुसऱ्या लाटेत गेली. नऊ दिवस हॉस्पिटलात कुणी त्याला धड काही सांगितलं नव्हतं. शेवटी लांबून बांधलेली पिशवी दाखवली. शेंगदाण्याची पुडी हातात तशीच चुरगळत तो तासभर बोलला. ज्यांनी तेव्हा लपवलं ते आताही लपवत असणार, एवढंच त्याच्या मनात होतं. चिप नंतर आली.

पुढे लसीकरण केंद्रावर मी नुसती सोबत गेले. नर्सने त्याला बाटली दाखवली: पाच मिली, दहा जणांचे डोस. तोच म्हणाला, "मग चिप दहा जणांत वाटतात कशी?" हेच मी म्हटलं असतं तर भांडण झालं असतं.

बाबांना एकटं गाठून विचार, नेमकी भीती कशाची वाटते. मध्ये बोलू नकोस. त्यांना लसीबद्दल आलेल्या व्हॉट्सॲप मेसेजवरचा दुहेरी बाण मग कधीतरी दाखव. निदान पाच ठिकाणी फिरून आलेल्या मेसेजवरच तो दिसतो. मूळ कुणी लिहिलं ते पाठवणाऱ्या मित्रालाही ठाऊक नसतं.

लस मात्र बाबांच्या होकारासाठी अडवू नका. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, वर्षाच्या आत द्यायचा असतो. 2022 च्या अखेरीस गोवंडी, भिवंडीत गोवराची साथ आली तेव्हा लेकरं दगावली. ताईने बाळाला घेऊन जावं, आणि बाबांना सांगून जावं. त्यांच्यापासून काही लपवू नका.

रविवारी ऐरोलीहून इकडे या, बाबांनाही आण. दादा घरीच असेल.

तुझी मावशी