वॉल्सिंगहॅमची जुनी वाट

प्रश्न : इंग्लंडमध्ये नॉरफक परगण्यातल्या वॉल्सिंगहॅमला मेरीमातेचं ‘पवित्र घर’, म्हणजे तिच्या नाझरेथच्या घराची प्रतिकृती, होतं. कॅसल एकर गावापासून जुन्या यात्रेच्या वाटेने तिथे चालत जायचं आहे. वाट सापडेल का? त्या घराचं आज काय उरलं आहे?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : जमिनीवर काहीच उरलेलं नाही. १५३८मध्ये तिथला ख्रिस्ती मठ मोडला, त्यातच ते घर गेलं. १४७९मध्ये जुन्या वास्तूंच्या नोंदी ठेवणाऱ्या विल्यम वूस्टरने त्याची मापं टिपली होती : २३ फूट ६ इंच लांब, १२ फूट १० इंच रुंद. म्हणजे चाळीतल्या एका बिऱ्हाडाएवढं! १९६१च्या उत्खननात त्याची जागा मठाच्या चर्चच्या उत्तरेला सापडली. ती खासगी आवारात आहे, त्यामुळे आधी वेळा पाहून जा. गावातल्या अँग्लिकन देवस्थानातलं घर १९३१चं. तेच मूळचं समजून बरेच जण माघारी फिरतात.

आता वाटेविषयी. लंडनकडचे यात्रेकरू ब्रँडन, स्वॉफम, कॅसल एकर असे येत. पण ठरलेली अशी एकच पायवाट नव्हती. तेव्हा जुने मुक्काम धरायचे आणि मधलं अंतर आजच्या पायवाटांनी जोडायचं. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेच्या लँडरेंजर मालिकेतला १३२ क्रमांकाचा एकच नकाशा पुरतो. त्यावरच्या रंगीत तुटक रेघा म्हणजे सार्वजनिक हक्काच्या वाटा. काळ्या तुटक रेघेवर हक्क गृहीत धरू नका. अंतर साधारण तीस किलोमीटर. फेकनमला मुक्काम करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी आठ-नऊच उरतात. पाऊस झाला असेल तर नांगरलेल्या शेतातली वाट टाळा, चिखलाने बूट जड होतात आणि वेग निम्म्यावर येतो. ईस्ट बार्शमचा मोठा रस्ता अरुंद आहे, पदपथही नाही. तिथे समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून एकामागे एक चाला.

वाटेवरच्या हॉटन गावातलं ‘स्लिपर चॅपल’ हे छोटं प्रार्थनाघर मात्र खरंच जुनं, सुमारे १३४०चं. इथे जोडे काढून शेवटचा मैल अनवाणी जायचा, अशी परंपरा सांगतात. तिथून गावाकडे जाणारी सपाट, सरळ वाट पाहून हुरळू नका : ती १८५७च्या रेल्वेमार्गावरची आहे. चालायला सोयीची, मध्ययुगीन नव्हे. अनवाणी जायचंच असेल तर आधी पाय कोरडे करा. ओली, मऊ पडलेली कातडी खडीवर लगेच सोलते.

आणि फोनवर ‘लिटल वॉल्सिंगहॅम’च टाका. ‘ग्रेट वॉल्सिंगहॅम’ नावाचं गाव शेजारचं, आणि या ‘लिटल’हून लहान.