टोकाच्या हवामानावर काम करायचंय? भौतिकशास्त्र सोडू नकोस

प्रश्न: मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकते. उष्णतेच्या लाटा, अतिवृष्टी आणि तापमानवाढ यांचा संबंध शोधणाऱ्या क्षेत्रात जायचं आहे. पुढे पर्यावरणशास्त्र घेऊ का? गणित बरं आहे, कोडिंग येत नाही.

उत्तर: पर्यावरणशास्त्राचे बरेच अभ्यासक्रम प्रदूषण, जैवविविधता, धोरण असे ऐसपैस पसरलेले असतात. तुझ्या कामाला त्यापेक्षा वातावरणविज्ञान बरं. प्रवेश घेण्याआधी विषयांची यादी तपास. त्यात द्रवगतिकी आणि संख्याशास्त्र नसेल, तर विभागाचं नाव कितीही आकर्षक असो, तिकडे जाऊ नकोस.

पायाभूत समीकरण तुझ्या उष्मागतिकीच्या पुस्तकात आहेच. क्लॉशियस-क्लॅपेरॉननुसार हवा 1 अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. पाऊस मात्र वारे आणि ढगांच्या घडणीवरही ठरतो. म्हणून उष्णतेच्या लाटांबद्दल जितकं ठामपणे बोलता येतं, तितकं गारपिटीबद्दल येत नाही.

‘ही लाट तापमानवाढीमुळे आली का?’ हा प्रश्न इथे कुणी विचारत नाही. विचारतात ते असं: तिची शक्यता किती पटींनी वाढली? युरोपातल्या 2003 च्या उन्हाळ्याबद्दल हवामानशास्त्रज्ञ पीटर स्टॉट आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवलं, की माणसाच्या हस्तक्षेपामुळे तशा उन्हाळ्याची शक्यता बहुधा किमान दुप्पट झाली होती.

कोडिंगची धास्ती नको. पायथन घे आणि शिकता शिकताच एक काम कर. किमान 60 वर्षांच्या रोजच्या कमाल तापमानाच्या नोंदी असलेलं एखादं केंद्र निवड. प्रत्येक वर्षाचा सर्वोच्च आकडा वेगळा काढ, त्यांवर जीईव्ही वितरण (टोकाच्या आकड्यांची शक्यता सांगणारा संख्याशास्त्रीय वक्र) बसव आणि शंभर वर्षांतून एकदा येणारं तापमान काढ. ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे दरवर्षी 1 टक्का शक्यता. 30 वर्षांत ते किमान एकदा गाठलं जाण्याची शक्यता 26 टक्के. मग वितरणाचं स्थान (वक्र तापमानाच्या अक्षावर कुठे बसतो ते) जागतिक सरासरी तापमानाबरोबर सरकू दे आणि आकडा कितीने बदलतो ते बघ.

चुका होतात त्या बहुतेक या पायऱ्यांच्या आधीच. हुकलेल्या नोंदीच्या जागी फाइलमध्ये 99.9 लिहिलेलं असतं, आणि तोच वर्षाचा उच्चांक ठरतो! ऐन उन्हाळ्यातले वीस दिवस गायब असलेलं वर्ष तसंच ठेवलं, तर उच्चांक खोटाच कमी येतो. केंद्र मोकळ्या मैदानातून इमारतींच्या गर्दीत हलवलं असेल, तर आलेखात पायरी दिसते आणि ती तापमानवाढ वाटते. पावसासाठी ईआरए5 (नोंदी आणि हवामानाचं मॉडेल जुळवून बनवलेली जगभराच्या हवामानाची माहिती) वापरलंस तर आणखी एक सापळा आहे: त्यातला चौकोन साधारण 31 किलोमीटरचा, त्यामुळे एका खोऱ्यावर कोसळलेली सर सरासरीत विरून जाते.

वक्रावरही फार विसंबू नकोस. जून 2021 मध्ये कॅनडातल्या लिटनला 49.6 अंशांची नोंद झाली. देशाचा आधीचा उच्चांक 45 अंशांचा होता. त्या भागाच्या जुन्या नोंदींवर बसवलेल्या वक्रानुसार अशी उष्णता जवळजवळ अशक्य ठरत होती.

संशोधनासाठी पीएचडी लागेलच. विमा, पुनर्विमा आणि धरणं-गटारांचं आरेखन करणाऱ्या कंपन्यांत पदव्युत्तर पदवीवरही काम मिळू शकतं. मार्गदर्शक शोधताना ईमेलला गुणपत्रिकेआधी तुझा आलेख आणि कोड जोड. कोणती वर्षं गाळलीस आणि का, तेही लिही.