दुर्बिणीपुढचा दिवा आणि त्यावरची पाळत

प्रश्न : अवकाश दुर्बिणीतील उपकरणे उड्डाणापूर्वी प्रयोगशाळेत दिव्याच्या प्रकाशावर तपासतात, असे वाचनात आले. वर गेल्यावर तारे असतातच, मग हा खटाटोप कशासाठी? आणि दिवाच कमी-जास्त झाला, तर ते कसे ओळखतात?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. उपकरणाने कालच्यापेक्षा आज एक टक्का कमी प्रकाश नोंदवला, तर उपकरण मंदावले की दिवा, हे त्या एका आकड्यावरून कधीच कळत नाही. साधा टंगस्टनचा दिवा घ्या. त्याचा विद्युतदाब एक टक्का ढळला, की प्रकाश तीन टक्क्यांहून अधिक बदलतो. शिवाय तापलेल्या तंतूतून टंगस्टनचे अणू सुटून काचेवर बसत राहतात. जुन्या बल्बच्या काचेला आतून धरलेला काळसर थर आपण सर्वांनी पाहिलेला आहे, तो हाच. एलईडीला तंतू नसतो, पण ती तापली की मंदावते आणि तिच्या प्रकाशाची तरंगलांबीही किंचित सरकते.

यासाठी दिव्याला अतिशय स्थिर विद्युतप्रवाह देतात, तो तापून स्थिरावेपर्यंत मोजणी सुरू करत नाहीत आणि एलईडीचे तापमान नियंत्रित ठेवतात. अनेकदा प्रकाश थेट उपकरणावर न पाडता, आतून पांढराशुभ्र लेप दिलेल्या पोकळ गोलात सोडतात. तेथे तो भिंतींवरून पुनःपुन्हा परावर्तित होतो आणि गोलाच्या तोंडाशी सर्वत्र सारखा होऊन बाहेर पडतो. गोलाच्या भिंतीत बसवलेला फोटोडायोड, म्हणजे प्रकाश मोजणारा छोटा संवेदक, सतत दिव्यावर पाळत ठेवतो, त्यामुळे दिवा ढळला तर ते तिथल्या तिथे उघडकीस येते.

अर्थात दिवा स्थिर असला, तरी त्याचे तेज नेमके किती, हे ठरवायला आणखी वरचे प्रमाण लागते. डिसेंबर १९९५ मध्ये सूर्याच्या अभ्यासासाठी सोडलेल्या सोहो यानाचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. त्यावरील दोन वर्णपटमापकांसाठी पीटीबी या जर्मनीच्या राष्ट्रीय मापनसंस्थेने एक खास दिवा तयार केला आणि बर्लिनच्या बेसी या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनांना वर्तुळात फिरवून प्रकाश निर्माण करणाऱ्या यंत्रावर, त्याचे अंशांकन, म्हणजे कॅलिब्रेशन केले. सिंक्रोट्रॉनमध्ये फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या, त्यांची ऊर्जा आणि चुंबकीय क्षेत्र माहीत असेल, तर बाहेर पडणारा प्रकाश थेट गणिताने काढता येतो. तेच माप दिव्याबरोबर उपकरणांपर्यंत पोहोचले.

आता ताऱ्यांविषयी. हबलसारख्या दुर्बिणी जी१९१-बी२बी यांसारख्या श्वेतबटू ताऱ्यांचा (इंधन संपलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या लहान गाभ्यांचा) प्रमाण म्हणून उपयोग करतात, तेव्हा तुमची शंका रास्तच आहे. पण सूर्याकडे पाहणाऱ्या दुर्बिणीला ही सोय नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने इस्रोच्या सहकार्याने घडवलेली, आदित्य-एल१ या भारतीय सौरयानावरील सूट ही दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील पट्ट्यात ११ फिल्टरांतून सूर्य पाहते. सूर्यबिंब कडेला मंद, मध्यावर प्रखर, त्यात डाग आणि उजळ पट्टे. एवढ्या असमान प्रकाशावरून सीसीडीचा, म्हणजे चित्र टिपणाऱ्या संवेदकाचा, प्रत्येक बिंदू किती संवेदनक्षम आहे, हे ठरवणे फार कठीण. फिल्टरवर धुळीचा एखादा कण असला, तर चित्रात वलयासारखे अंधूक कडे उमटते, आणि ते कडे सूर्यावरचे नाही हे सांगायला साक्षीदार हवा. समान, स्थिर प्रकाशात घेतलेल्या चित्रात तेच कडे त्याच जागी दिसते आणि सूर्याच्या चित्रातील प्रत्येक बिंदूचा आकडा या चित्रातील त्याच बिंदूच्या आकड्याने भागला की पुसले जाते.

पण जमिनीवर काढलेला हा संवेदनक्षमतेचा नकाशा वर जसाच्या तसा टिकत नाही. प्रक्षेपणाचे हादरे बसतात, सीसीडीवर प्रारणांचा मारा होतो, आणि प्रकाशमार्गावर साचलेला अगदी पातळ थरही अतिनील किरण गिळतो. म्हणून सूटमध्ये २५५ आणि ३५५ नॅनोमीटरच्या एलईडी बसवूनच पाठवल्या आहेत. त्यांच्या उजेडात वेळोवेळी घेतलेली चित्रे आधीच्या चित्रांशेजारी ठेवली, की सीसीडीचा कोणता बिंदू बदलला ते दिसते.