इंग्लंडमधली काउंटी कौन्सिल म्हणजे आपली जिल्हा परिषदच का? तिथे कारभार नेमका कोण करतं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी कँटरबरीला शिकायला गेली आहे, तिच्या कागदपत्रांत कुठे 'केंट काउंटी कौन्सिल' तर कुठे 'कँटरबरी सिटी कौन्सिल' दिसतं, तर यातली खरी सत्ता कोणाची? केंटमध्ये चौदा वर्षं राहतोय, आणि माझे मामा साताऱ्याकडे जिल्हा परिषदेचे सदस्य होते. त्यामुळे ही तुलना माझ्या डोक्यात कायम चालू असते. मला ती अशी दिसते: अंगरखा जिल्हा परिषदेचा, पण चाल मंत्रिमंडळाची.

आधी दोन नावांचं बघू. केंट काउंटीत १२ डिस्ट्रिक्ट आहेत, कँटरबरी त्यातलं एक. कुठे त्याला बरो म्हणतात, कुठे सिटी. ही नुसती मानाची बिरुदं. दारातला कचरा उचलणं, घरबांधणीचे परवाने, बेघरांची सोय ही कामं डिस्ट्रिक्टची. रस्ते, शाळांचं नियोजन, ग्रंथालयं, वृद्धांची आणि निराधार मुलांची देखभाल काउंटीकडे. कचऱ्याची गंमत अशी की उचलतं डिस्ट्रिक्ट आणि विल्हेवाट लावते काउंटी. नवा होतो तेव्हा घरासमोरच्या खड्ड्याची तक्रार मी मोठ्या तोऱ्यात बरोच्या कचेरीत केली. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, रस्ता आमचा नाही हो. एक फरक लक्षात ठेवा: पंचायत समिती जशी जिल्हा परिषदेच्या चौकटीत चालते, तसं डिस्ट्रिक्ट काउंटीच्या हाताखाली नसतं. दोघी आपापल्या घरच्या मालकिणी. मेडवे हा भाग तर नकाशावर केंटला चिकटलेला, पण तिथलं कौन्सिल १९९८ पासून दोन्ही कामं एकटंच करतं.

काउंटीची निवडणूक दर चार वर्षांनी, मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी, सगळ्या जागांची एकदम. आपल्याकडे जसा 'गट' तसं इथे 'डिव्हिजन'. केंटमध्ये ७२ डिव्हिजन आणि ८१ सदस्य, कारण काही डिव्हिजनांतून दोघं निवडून येतात. सर्वाधिक मतं ज्याला तो निवडून आला, एवढा सरळ हिशोब. महिलांसाठी किंवा कुठल्याही समाजासाठी आरक्षण नाही. अनामत रक्कमही नाही. अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक पुरतो. मामांना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "मग अपक्षांची जत्रा कशी आवरतात?" आवरावी लागत नाही, कारण लोक बहुतेक पक्षाकडे बघूनच मत देतात. मे २०२५ मध्ये ते चांगलंच दिसलं. १९९७ पासून केंटवर राज्य करणारा हुजूर पक्ष पाच जागांवर आला आणि रिफॉर्म यूके या नव्या पक्षाने ८१ पैकी ५७ जिंकल्या. बहुमताला ४१ पुरतात.

निकालानंतर मेडस्टन गावातल्या सेशन्स हाउसमध्ये, म्हणजे काउंटीच्या कचेरीत, वार्षिक सभा भरते. तिथे पहिल्यांदा 'चेअरमन' निवडतात, आणि आपला माणूस इथेच फसतो. चेअरमन सभा चालवतो, समारंभांना जातो, वर्षभराने पायउतार होतो. सत्ता त्याच्याकडे नाही. ती 'लीडर'कडे, म्हणजे बहुमतवाल्या पक्षाच्या नेत्याकडे. लीडरलाही सभाच निवडते आणि सभाच ठराव करून काढू शकते. आपल्याकडे अध्यक्षपद अडीच वर्षांचं आणि आरक्षणाच्या चक्राने फिरणारं; इथे चक्रबिक्र काही नाही.

लीडर आपलं 'कॅबिनेट' नेमतो. कायद्याने त्यात लीडर धरून जास्तीत जास्त दहा जण. एकाकडे रस्ते, एकाकडे शिक्षण, एकाकडे वृद्धांची देखभाल, आणि बरेच निर्णय हे खातेवाले एकेकटे सही करून घेऊ शकतात. पूर्वी असं नव्हतं. १८८८ च्या कायद्याने काउंटी कौन्सिलं जन्माला आली आणि १८८९ मध्ये पहिल्यांदा निवडून आली. तेव्हापासून शंभरेक वर्षं कारभार समित्यांमधून चालायचा, आपल्या विषय समित्यांसारखा. २००० च्या कायद्याने ही लीडर-कॅबिनेटची घडी बसवली. २०११ च्या कायद्याने समित्यांकडे परतायची वाट मोकळी केली, पण थोड्याच कौन्सिलांनी ती धरली.

मग उरलेले सत्तरेक सदस्य करतात काय? मला विचाराल तर या व्यवस्थेचं दुखणं हेच. संपूर्ण सभेच्या हातात अंदाजपत्रक आणि मोठी धोरणं राहतात. बाकी सदस्य छाननी समित्यांमधून कॅबिनेटवर नजर ठेवतात. मोठा निर्णय येणार असेल तर २८ दिवस आधी जाहीर करावा लागतो, आणि झालेला निर्णय अंमलात यायच्या आत ठरावीक सदस्यांनी मागणी केली तर तो छाननीला थांबवता येतो. पण छाननी समिती तो रद्द करू शकत नाही. पुन्हा विचार करा म्हणू शकते. समित्यांमधल्या जागा पक्षांच्या बळानुसार वाटतात, तेव्हा तिथेही बहुमत सत्ताधाऱ्यांचंच. मागच्या बाकावरच्या सदस्याचं काम बरंचसं खड्डे, बसथांबे आणि शाळाप्रवेश यांभोवती फिरतं. त्यात तो तरबेज असतो, आणि लोक त्याला ओळखतात तेही त्यामुळेच.

आता अधिकारी. आपल्याकडचा मुख्य कार्यकारी अधिकारी हा भारतीय प्रशासन सेवेतला, राज्य सरकारने पाठवलेला. सदस्यांशी बिनसलं की त्याची बदली, किंवा बदलीची अफवा. इथे मुख्य अधिकारी कौन्सिलची नोकर. जाहिरात निघते, मुलाखती सदस्य घेतात, नेमणूक संपूर्ण सभा मंजूर करते. वरून कोणी पाठवत नाही आणि कोणी उचलूनही नेत नाही. मात्र वरिष्ठ अधिकाऱ्यांना पक्षीय राजकारण करायला कायद्याने बंदी आहे.

हा फरक कुठून आला? माझ्या मते पैशातून. जिल्हा परिषदेचं स्वतःचं उत्पन्न तुटपुंजं; ती सरकारच्या अनुदानांवर जगते, मग अधिकारीही सरकारचा. केंटचं वर्षाचं निव्वळ महसुली अंदाजपत्रक दीड अब्ज पौंडांच्या आसपास आहे आणि त्यातला निम्म्याहून बराच जास्त भाग घराघरांवरच्या काउन्सिल टॅक्समधून येतो. (बिल डिस्ट्रिक्ट पाठवतं म्हणून लोक शिव्या त्याला देतात, मोठा वाटा जातो काउंटीला.) पण मनाला येईल तेवढा कर वाढवता येत नाही. सरकारने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे, अलीकडे ती साधारण ५ टक्के आहे, जायचं तर लोकांचं सार्वमत घ्यावं लागतं.

खर्चात तर हात आणखी बांधलेले. निम्म्याहून जास्त पैसा वृद्ध, अपंग आणि मुलांच्या देखभालीत जातो, आणि ती देखभाल नाकारणं कायद्याने शक्य नाही. खास गरजा असलेल्या मुलांना टॅक्सीने शाळेत पोचवण्याचा खर्च बघून मी पहिल्यांदा थक्क झालो होतो. तेव्हा नवे सत्ताधारी कुठल्याही पक्षाचे असोत, काटछाट करायला हाती उरतात ग्रंथालयं, बसमार्ग आणि रस्त्यांची डागडुजी. हिशोब जुळवणंही सक्तीचं. नॉर्थॅम्प्टनशायर काउंटीला २०१८ मध्ये तो जुळवता आला नाही. वित्त अधिकाऱ्याने नव्या खर्चावर बंदी घालणारी कायदेशीर नोटीस एकाच वर्षात दोनदा काढली. सरकारने आयुक्त बसवले आणि २०२१ मध्ये ती कौन्सिलच मोडून दोन नव्या केल्या.

तशीच मोडतोड आता सगळीकडे येऊ घातली आहे. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने ही दोन पायऱ्यांची रचना काढून एकाच कौन्सिलकडे सगळी कामं द्यायचं ठरवलं. शेजारच्या सरे काउंटीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करायचा निर्णयही झालाय. केंटचे किती तुकडे करायचे यावर इथल्या कौन्सिलांचं एकमत नव्हतं.

मुलीसाठी एक कामाची गोष्ट. राष्ट्रकुल देशाची नागरिक म्हणून, भारतीय पासपोर्ट आणि वैध व्हिसा असला, वय १८ पूर्ण असलं, की तिला इथे मत देता येतं. अगदी संसदेच्या निवडणुकीतही. मतदारयादीत नाव ऑनलाइन घालता येतं. केंद्रावर ओळखपत्र २०२३ पासून सक्तीचं आहे. आपला भारतीय पासपोर्ट चालतो. माझ्या ओळखीची निम्मी मराठी मुलं शिकून परत गेली आणि हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.