सेटिंगला उठसूट हात नको

प्रश्न : आम्ही ५०० ग्रॅमची पाकिटे भरतो. दर तासाला एका पाकिटाचे वजन करतो. जास्त भरले तर मशीनचे सेटिंग तेवढेच उतरवतो, कमी भरले तर चढवतो. एवढे लक्ष ठेवूनही वजनातला फरक वाढतोच आहे. नियंत्रण कुठे कमी पडते?

उत्तर : आधी सेटिंग बदलणे थांबवा, फरक त्यानेच वाढतो आहे. कोणतेही मशीन एखाद-दोन ग्रॅम इकडेतिकडे भरणारच. एक पाकीट ३ ग्रॅम जास्त निघाले म्हणून सेटिंग ३ ग्रॅमने उतरवले, की पुढची सगळी पाकिटे तेवढी हलकी भरतात. मशीन ठीक असताना दर वेळी अशी भरपाई करत राहिल्यास वजनाचे प्रमाण विचलन, म्हणजे वजने सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप, सुमारे १.४ पट होते.

वजनकाटा माहितीच्या वजनाने तपासून घ्या. काटाच सरकलेला असेल तर पुढचे सगळे वाया. मग सेटिंग न हलवता २५ वजने लिहा आणि सरासरी काढा. लागोपाठच्या दोन वजनांतले फरक घ्या, उणे-अधिक सोडून. त्या २४ फरकांच्या सरासरीला २.६६ ने गुणा. हा गुणाकार वजनांच्या सरासरीतून वजा केला की खालची मर्यादा, मिळवला की वरची. समजा वजनांची सरासरी ५०२ आणि फरकांची १.७ ग्रॅम आली, तर गुणाकार ४.५, म्हणून मर्यादा ४९७.५ ते ५०६.५. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली मांडलेला कंट्रोल चार्ट, म्हणजे अशा मर्यादा आखलेला आलेख, याच विचाराचा.

वजन या मर्यादेत असेल तर मशीनला हात लावू नका. एखादे बाहेर गेले किंवा लागोपाठ ८ वजने सरासरीच्या एकाच बाजूला पडली, तरच थांबून कारण शोधा : हॉपरमधला (मशीनवरच्या माल ओतायच्या टाकीतला) माल उतरला आहे का, मालात ओल आहे का, तोंडाशी चिकटून बसला आहे का.

या मर्यादा मशीनच्या आहेत, ग्राहकाच्या नाहीत. ५०० च्या खाली पाकीट चालणारच नसेल, तर सरासरी निदान ५०४.५ हवी किंवा मशीनमधला फरकच कमी करायला हवा. तो निर्णय व्यवस्थापकाचा. ऑपरेटरला त्यासाठी बोल लावणे अन्यायाचे आहे.

प्रश्न : खर्चाचा मासिक अहवाल हाती येतो तोवर पैसा गेलेला असतो. काय करावे?

उत्तर : खरेदीची ऑर्डर मंजूर होताच ती रक्कम अंदाजपत्रकातून वजा करा. बिलाची वाट पाहिलीत, तर बांधला गेलेला पैसा शिल्लक दिसतो आणि त्याच पैशावर दुसरी ऑर्डर निघते.